ताबा भाडेकरूचा, तर तपासणी कोणाची?

भाड्याच्या घरांविषयी एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्याचे शब्द जागोजागी थोडे बदलतात, पण आशय एकच असतो. घर मालकाचे असल्यामुळे त्यातील हवा, पाणी, रंग किंवा माती दूषित आहे का, हे तपासण्याचा भाडेकरूला हक्क नाही. घर पाहून आणि पसंत करून घेतल्यावर तक्रारीला जागा उरत नाही. खरा धोका असेल तर तो डोळ्यांना दिसतो, आणि नव्या किंवा नुकत्याच रंगवलेल्या घरात तो नसतोच. बुरशी राहणाऱ्याच्या सवयींमुळे येते. तपासणी झालीच तर तिचा निष्कर्ष मालकाचा. आणि एवढे करून कोणी तक्रार केली, तर त्याचे घर जाते. हा संदेश पाठवणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतः भाडेकरू असतात आणि आपण दुसऱ्याला सावध करतो आहोत, अशीच त्यांची समजूत असते. म्हणून त्यातील प्रत्येक विधान वेगळे काढून पाहणे आवश्यक वाटते.

या संदेशात सत्याचा एक तुकडा आहे, तो आधीच मान्य करतो. मालकाने स्वतःच्या खर्चाने घराची सर्व प्रकारच्या प्रदूषणासाठी तपासणी करून मगच ते भाड्याने द्यावे, असे बंधन घालणारे कायदे जगात थोडे आहेत. अमेरिकेत १९७८ साली घरगुती रंगांत शिसे वापरण्यावर बंदी आली आणि १९९२ च्या संघीय कायद्याने त्यापूर्वी बांधलेल्या घरांच्या मालकांवर जबाबदारी टाकली. परंतु ती जबाबदारी मालकाला जे ठाऊक आहे ते सांगण्याची आहे, ठाऊक नसलेले शोधून काढण्याची नव्हे. त्याच कायद्याने असे घर विकत घेणाऱ्याला शिशाची तपासणी करून घेण्यासाठी दहा दिवसांची संधी दिली, भाड्याने घेणाऱ्याला मात्र तशी मुदत दिली नाही. हा भेद मला आजही असमर्थनीय वाटतो, कारण शिशाची धूळ पोटात जाणाऱ्या मुलाला आईवडिलांनी घर विकत घेतले आहे की भाड्याने, याने काही फरक पडत नाही. तरीही ‘मालकावर तपासणीची सक्ती नाही’ आणि ‘भाडेकरूला तपासणीचा हक्क नाही’ ही दोन निरनिराळी विधाने आहेत. संदेश लिहिणाऱ्याने पहिल्याच्या जागी दुसरे सरकवले आहे, आणि पुढची सारी गफलत तिथून सुरू होते.

“घर मालकाचे आहे, म्हणून भाडेकरूला तपासणीचा हक्क नाही.”

भाडेकरार झाला की मालकी मालकाकडेच राहते, पण ताबा भाडेकरूकडे येतो, आणि घरात राहून हवा घेणे, नळाचे पाणी पिणे, जमिनीवरची धूळ पुसणे हे सारे ताब्यातच येते. ज्या हवेत आपण झोपतो तिच्यात रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू किती आहे हे मोजण्यासाठी फळीवर एक लहानसा शोधक ठेवावा लागतो आणि ठरलेल्या मुदतीनंतर तो प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. पाण्यातील शिशासाठी बाटलीभर पाणी लागते. धुळीतील शिशासाठी ठरावीक मापाचा जमिनीचा तुकडा ओल्या पुसणीने पुसून ती पुसणी बंद नळीत घालावी लागते. यांपैकी एकाही कृतीने इमारतीत कसलाही बदल होत नाही. त्यामुळे करारात स्पष्ट मनाई नसेल तर परवानगीचा प्रश्नच सहसा उपस्थित होत नाही.

ज्या तपासणीत इमारतीला हात लावावा लागतो, तिची गोष्ट वेगळी आहे. रंगाचा थर खरवडून नमुना काढणे, छताच्या जुन्या पत्र्याचा किंवा नळाभोवतीच्या आवरणाचा तुकडा जुन्या बांधकामांत वापरल्या गेलेल्या तंतुमय खनिजासाठी, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉससाठी तोडणे, जमिनीखालील वायूसाठी लादीला भोक पाडणे यासाठी मालकाची लेखी संमती घेतली पाहिजे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत तर संमती मिळाली तरी हे काम स्वतः करू नये, कारण स्वस्थ पडून असलेल्या तुकड्यापेक्षा तो तोडताना उडणारे तंतूच घातक असतात.

आता कायद्याकडे पाहू, कारण ‘कुठेही असा हक्क नाही’ हे विधान तिथे साफ कोसळते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०२४ पासून भाडेकरूला करार सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांत रेडॉनची तपासणी करून घेता येते, आणि पातळी धोक्याची निघूनही मालक उपाय करण्यास तयार नसेल तर करार संपवता येतो. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली भाडेकरूला रेडॉनविषयीची ज्ञात माहिती लेखी देणे मालकाला बंधनकारक केले. न्यूयॉर्क शहर याहून पुढे गेले आहे. तिथल्या २००४ च्या स्थानिक कायद्यानुसार सहा वर्षांखालील मूल राहत असलेल्या जुन्या घरांची मालकाने दरवर्षी शिशाच्या धोक्यासाठी पाहणी करायची असते, आणि २०२० च्या कायद्याने अशा जुन्या इमारतींतील घरांचे रंग क्ष-किरण यंत्राने तपासून घेण्यासाठी ९ ऑगस्ट २०२५ ही अखेरची तारीख ठरवून दिली. फ्रान्समध्ये १ जानेवारी १९४९ पूर्वी बांधलेले घर भाड्याने देताना शिशाच्या धोक्याचा अहवाल कराराला जोडावा लागतो, आणि तो मालकाच्या खर्चाने तयार होतो. इंग्लंडमध्ये २०१८ च्या कायद्याने भाड्याचे घर राहण्यास योग्य असलेच पाहिजे असे ठरवले. ती योग्यता जोखण्यासाठी जे २९ प्रकारचे धोके विचारात घेतले जातात त्यांत ओल आणि बुरशी, शिसे, किरणोत्सर्ग, अ‍ॅस्बेस्टॉस आणि कार्बन मोनॉक्साइड ही सारी नावे आहेत. हे कायदे एकसारखे नाहीत आणि त्यांतील काही अपुरे आहेत. परंतु असा हक्कच अस्तित्वात नाही, असे म्हणणाऱ्याने यांतील निदान एखादा वाचलेला असायला हवा होता.

“घर पाहून घेतले, आता तक्रार नको.”

या विधानाला मोठा इतिहास आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. भाड्याने दिलेली वस्तू म्हणजे मुख्यतः जमीन, ही कल्पना इंग्रजी कायद्यात शेतीप्रधान काळात रुजली. जमीन कसणाऱ्याला पीक घेण्यात रस असे, तिच्यावरची झोपडी दुय्यम असे, आणि तिचे छप्पर तो स्वतःच शाकारू शकत असे. अशा व्यवहारात घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे आणि नंतर बोलू नये, हा नियम कठोर असला तरी निदान समजण्यासारखा होता. शहरातील बहुमजली इमारतीत राहणारा भाडेकरू मात्र जमीन घेत नाही. भिंती, नळ, उष्णता, प्रकाश आणि हवा हे सगळे मिळून राहण्याजोगे घर त्याला हवे असते, आणि त्यातील बहुतेक गोष्टींची दुरुस्ती त्याच्या आवाक्यात नसते. १९७० साली वॉशिंग्टनमधील जॅव्हिन्स विरुद्ध फर्स्ट नॅशनल रिअल्टी या खटल्यात, जिथे भाडेकरूंनी गृहनिर्माण नियमांचे सुमारे १,५०० भंग दाखवून देण्याची तयारी केली होती, न्यायालयाने नेमका हाच बदल ओळखला. घर राहण्यायोग्य ठेवण्याची हमी भाडेकरारात लिहिलेली नसली तरी ती गृहीत धरली जाते, आणि तिचा भंग झाला तर भाडे देण्याच्या बंधनावरही त्याचा परिणाम होतो, असा तो निर्णय होता. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी पुढे हे तत्त्व या ना त्या रूपाने स्वीकारले.

आपल्याकडचा दाखला तर याहून जुना आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८(क) नुसार, विरुद्ध करार नसेल तर, मालमत्ता ज्या कामासाठी दिली जात आहे त्या दृष्टीने तिच्यात असलेला महत्त्वाचा दोष भाडेकरूला सांगणे देणाऱ्यावर बंधनकारक आहे. अट अशी की तो दोष देणाऱ्याला ठाऊक असावा, घेणाऱ्याला ठाऊक नसावा, आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला तो शोधता येण्यासारखा नसावा. रंगहीन आणि गंधहीन वायू किंवा पाण्यात विरघळलेला धातू या शेवटच्या अटीत जितका चपखल बसतो, तितके दुसरे काही बसणार नाही. तेव्हा ‘पाहून घेतले’ या सबबीला कायद्याने कधीच अमर्याद जागा दिलेली नव्हती.

मात्र त्या कलमातील ‘ठाऊक असावा’ हे शब्द पुन्हा वाचण्यासारखे आहेत. अमेरिकेचा १९९२ चा कायदाही मालकाच्या ज्ञानावरच उभा आहे. परिणाम असा होतो की, जो मालक तपासणी करतो त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी येते आणि जो डोळे मिटून बसतो तो मोकळा राहतो; म्हणजे कायदाच अज्ञानाला बक्षीस देतो. काही न्यायालयांनी ही फट बुजवण्याचा प्रयत्न केला आहे. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००१ साली चॅपमन विरुद्ध सिल्बर या खटल्यात असे ठरवले की, दुरुस्तीची जबाबदारी व घरात येण्याचा अधिकार मालकाने स्वतःकडे ठेवला असेल, इमारत शिशाच्या रंगावरील बंदीपूर्वीची असल्याचे त्याला माहीत असेल, रंगाचे पोपडे निघत असल्याचे त्याला दिसत असेल, लहान मुलांना त्या रंगापासून होणारा अपाय त्याला ठाऊक असेल आणि त्या घरात लहान मूल राहत असल्याचेही ठाऊक असेल, तर शिशाची प्रत्यक्ष तपासणी झाली नव्हती या कारणावर त्याला हात झटकता येणार नाहीत. पण एवढ्या पाच गोष्टी सिद्ध करत बसण्यापेक्षा प्रयोगशाळेचा एक अहवाल मालकाला लेखी पाठवणे कितीतरी सोपे आहे. तो अहवाल पोहोचल्याच्या दिवसापासून ‘मला ठाऊक नव्हते’ हे वाक्य मालकाला उच्चारता येत नाही. भाडेकरूच्या तपासणीचे खरे मोल माझ्या मते इथे आहे: ती मालकाच्या अज्ञानाला तारीख घालून संपवते. आणि म्हणूनच भाडेकरूने तपासणीच करू नये असे सांगणारा संदेश वरवर वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

“धोका असेल तर दिसतो, नव्या किंवा रंगवलेल्या घरात तो नसतो.”

१९८४ च्या डिसेंबरात पेनसिल्व्हानियातील लिमरिक अणुविद्युत केंद्रात काम करणारे अभियंता स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे तिथली किरणोत्सर्गाची सूचना देणारी घंटा वाजू लागली. केंद्रात वीजनिर्मिती अजून सुरूच झालेली नव्हती. म्हणजे किरणोत्सर्गी कण ते केंद्रातून घरी नेत नव्हते, तर घरून केंद्रात आणत होते. त्यांच्या घराची हवा तपासली तेव्हा रेडॉनची पातळी दर लिटरला सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) निघाली. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था आज ज्या पातळीला उपाय करण्यास सांगते ती ४ पिकोक्युरी आहे, म्हणजे त्या घरात तिच्या ६०० पटींहून अधिक रेडॉन होता. त्या घरात पाहण्याने कळावे असे काही नव्हते. जमिनीतील युरेनियमच्या ऱ्हासातून तयार होणारा हा वायू इमारतीच्या पायातील भेगांतून, नळांभोवतीच्या फटींतून वर येतो, आणि शेजारच्या घरातील पातळीवरून आपल्या घराचा अंदाज बांधता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते धूम्रपानाखालोखाल रेडॉन हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे महत्त्वाचे कारण आहे, आणि तिने २००९ साली दर घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्सर्गाचेच दुसरे एकक) ही संदर्भ पातळी सुचवली. उंच मजल्यांवर हा धोका साधारणतः कमी असतो, हेही सांगितले पाहिजे. तळघरात किंवा जमिनीलगतच्या मजल्यावर राहणाऱ्याने तपासणीचा विचार आधी करावा.

नव्याने दिलेल्या रंगाचा दिलासा त्याहून फसवा आहे. जुन्या शिसेयुक्त रंगावर नवा थर दिला की तो काही काळ झाकला जातो, पण खिडकीच्या चौकटी आणि दारांच्या कडा एकमेकींवर घासत राहतात आणि तिथून धूळ सुटतच राहते. रंग देण्यापूर्वी जुना थर कोरडा घासून काढला असेल, तर रंगकाम संपल्याच्या दिवशी त्या घरात शिशाची धूळ पूर्वीपेक्षा जास्त असण्याची शक्यता असते. याच कारणासाठी अमेरिकेत २०१० पासून १९७८ पूर्वीच्या घरांत असे काम करणाऱ्या कंत्राटदाराला वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाला दशलक्षात ९० भाग ही मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांविषयी तो काहीच सांगू शकत नाही. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मुलांच्या रक्तातील संदर्भ पातळी २०२१ साली डेसिलिटरमागे ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली.

अगदी कोऱ्या घराचेही एक उदाहरण आहे. २००५ च्या कतरिना वादळानंतर बेघर झालेल्या लोकांना अमेरिकी सरकारने राहण्यासाठी फिरती घरे दिली. त्यांतील रहिवासी डोळे चुरचुरणे आणि श्वासाचा त्रास यांच्या तक्रारी करू लागले. रोग नियंत्रण केंद्राने २००७-०८ च्या हिवाळ्यात अशी ५१९ घरे तपासली, तेव्हा हवेतील फॉर्मल्डिहाइडचे सरासरी प्रमाण अब्जात सुमारे ७७ भाग निघाले, जे सामान्य घरांच्या मानाने बरेच जास्त होते. हा वायू दाबलेल्या लाकडी फळ्यांतील चिकट द्रव्यातून सुटतो आणि वस्तू जितकी नवी तितका अधिक सुटतो.

“बुरशी राहणाऱ्याच्या सवयींमुळे येते.”

या एका वाक्याने केवढे नुकसान झाले आहे, याची नोंद इंग्लंडमधील एका मृत्यू-चौकशीत आहे. रॉचडेल येथील, घरे भाड्याने देणाऱ्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सदनिकेत राहणारा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा २०२० च्या डिसेंबरात मरण पावला. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्काने झालेल्या श्वसनविकारामुळे त्याचा मृत्यू झाला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाला. त्याच्या वडिलांनी पहिली तक्रार २०१७ साली केली होती आणि त्यांना बुरशीवर रंग मारण्यास सांगण्यात आले होते. कुटुंबाच्या राहणीला दोष देण्यात आला होता. त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २०२३ साली झाला. सामाजिक गृहनिर्माणातील, म्हणजे स्थानिक प्रशासन किंवा अशा संस्था भाड्याने देतात त्या घरांसाठी २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार गंभीर ओल किंवा बुरशीची तक्रार आल्यावर १० कामकाजी दिवसांत पाहणी करावी लागते, तिचा निष्कर्ष भाडेकरूला लेखी द्यावा लागतो, आणि तातडीचा धोका असेल तर २४ तासांत कृती करावी लागते.

दमट हवा, बंद खिडक्या आणि घरात वाळवलेले कपडे यांचा बुरशीशी काहीच संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. पण गळका नळ, भिंतीत झिरपणारे पाणी, थंड पडणारा कोपरा आणि न चालणारा वायुवीजनाचा पंखा हे सवयींचे प्रकार नव्हेत. इथे एक गोष्ट संदेशाच्या विरोधकांनाही सांगावीशी वाटते. बुरशी डोळ्यांना दिसत असेल, तर तिचा प्रकार ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत पैसे घालण्याची बहुधा गरज नसते, असेच अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचेही मत आहे. तारखेसह छायाचित्रे, भिंतीतील ओलाव्याचे मोजमाप आणि पाण्याचा उगम शोधणे यांचा उपयोग अधिक. तपासणीचा हक्क असणे आणि प्रत्येक वेळी तपासणी करणे, यांत फरक आहे.

“निष्कर्ष मालकाचा, सांगायचे की नाही, ते तोच ठरवेल.”

भाडेकरूपर्यंत माहिती पोहोचली नाही तर काय होते, याची उदाहरणे सरकारी कागदपत्रांत आणि न्यायनिर्णयांत आहेत. इंडियाना राज्यातील ईस्ट शिकागो येथील वेस्ट कॅल्युमेट ही सार्वजनिक भाडेघरांची वसाहत शिशाच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर उभी होती. तो परिसर २००९ साली देशाच्या सर्वांत प्रदूषित स्थळांच्या यादीत आला, पण तिथल्या एक हजारांहून अधिक भाडेकरूंना घर सोडावे लागेल असे कळवणारी पत्रे २०१६ साली निघाली. मधल्या सात वर्षांत त्या अंगणांत मुले खेळत होती. १९७८ साली न्यूयॉर्क राज्यातील लव्ह कॅनॉल येथील रासायनिक कचऱ्याचे प्रकरण जगभर गाजले, तेव्हाही बातम्यांत प्रामुख्याने घरमालक होते. शेजारच्याच ग्रिफॉन मॅनर या भाडेघरांच्या वसाहतीतील, बहुसंख्येने कृष्णवर्णीय असलेल्या रहिवाशांना आपले म्हणणे मांडण्यासाठी वेगळी संघटना उभी करावी लागली.

बाल्टिमोरचे प्रकरण याहून बोचरे आहे. तिथल्या केनेडी क्रीगर संस्थेने १९९० च्या दशकात भाड्याच्या घरांतील शिसे वेगवेगळ्या प्रमाणात काढले आणि त्यांत राहणाऱ्या मुलांच्या रक्तातील शिशावर त्याचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास केला. धुळीच्या तपासणीचे आकडे हाती असतानाही आम्हाला वेळेवर इशारा मिळाला नाही, असा कुटुंबांचा दावा होता. मेरीलँडच्या अपील न्यायालयाने २००१ साली असे म्हटले की, अशा अभ्यासातून संशोधक आणि घरातील रहिवासी यांच्यात विशेष संबंध निर्माण होऊ शकतो आणि त्यातून धोक्याची सूचना देण्याचे कर्तव्य जन्माला येऊ शकते. घरातील धुळीविषयीचे ज्ञान ज्याच्या हाती आहे, तो केवळ त्या ज्ञानाचा धनी आहे म्हणून गप्प राहू शकत नाही, असा याचा सरळ अर्थ आहे.

उलट दिशेचे उदाहरणही लक्षात ठेवावे. न्यूझीलंडच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेने मेथॲम्फेटामिन या अमली पदार्थाच्या अंशासाठी घरे तपासली आणि त्या निकालांच्या आधारे सुमारे ८०० भाडेकरूंना घराबाहेर काढले. मे २०१८ मध्ये पंतप्रधानांचे मुख्य विज्ञान सल्लागार पीटर ग्लकमन यांनी अहवाल दिला की, केवळ धूम्रपानातून पृष्ठभागावर राहिलेल्या अंशाने आरोग्याला अपाय होतो असा पुरावा नाही, आणि १०० चौरस सेंटिमीटरला १.५ मायक्रोग्रॅम या तेव्हाच्या मर्यादेऐवजी १५ ही पातळी सुचवली. संस्थेने त्याच वर्षी माफी मागितली आणि भरपाई देऊ केली. ज्यांच्यावर तपासणीचा परिणाम होतो त्यांना तिची पद्धत, मर्यादा आणि निकाल पाहण्याचा व त्याला आव्हान देण्याचा हक्क नसेल, तर तीच तपासणी त्यांच्याविरुद्ध वापरली जाते.

“तक्रार केली, तर घर जाते.”

संदेशातील हे एकच विधान मी हलक्याने घेत नाही, कारण ही भीती खरी आहे. १९६० च्या दशकात वॉशिंग्टनमधील इव्हॉन एडवर्ड्स या भाडेकरू महिलेने घरातील अस्वच्छतेविषयी सरकारी कार्यालयात तक्रार केली. निरीक्षकांना नियमांचे ४० हून अधिक भंग आढळले, आणि दुरुस्तीचा आदेश मिळाल्यावर मालकाने त्यांना घर रिकामे करण्याची नोटीस दिली. १९६८ साली अपील न्यायालयाने एडवर्ड्स यांच्या बाजूने दिलेल्या निर्णयाचा आशय असा होता की, घरांचे नियम अमलात येणे रहिवाशांच्या तक्रारींवर अवलंबून असेल, तर तक्रारीची शिक्षा म्हणून बेघर करण्याची मुभा मालकाला देता येणार नाही. सूडाने दिलेली नोटीस हा बचाव तेव्हापासून अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांच्या कायद्यांत आला आहे.

पण असा बचाव कागदावर उभा असतो, आणि तो क्रमाने जमवावा लागतो. इंग्लंडच्या २०१५ च्या कायद्यात हा क्रम स्पष्ट होता: भाडेकरूने मालकाकडे लेखी तक्रार आधी केलेली असावी, मालकाने १४ दिवसांत योग्य उत्तर दिलेले नसावे, भाडेकरूने मग स्थानिक प्रशासनाकडे जावे, आणि प्रशासनाने दुरुस्तीची अधिकृत नोटीस काढावी, मगच मालकाला पुढील सहा महिने विनाकारण घर रिकामे करण्याची नोटीस देता येत नसे. केवळ तोंडी तक्रार करणाऱ्याला या संरक्षणाचा काहीच उपयोग नव्हता. ती विनाकारण नोटीसच आता २०२५ च्या कायद्याने १ मे २०२६ पासून रद्द ठरवली आहे, तरी कागदाचा क्रम इतर ठिकाणी अजूनही तितकाच उपयोगी आहे.

त्यामुळे तपासणी करणाऱ्याने नमुना घेण्यापूर्वीच मालकाला लेखी कळवावे, आणि शक्य असल्यास त्याला हजर राहण्यास सांगावे. पाण्याचा नमुना किमान सहा तास नळ न वापरता, सकाळी पहिल्या धारेचा घ्यावा, आणि पाणी काही मिनिटे वाहू दिल्यानंतरचा दुसरा वेगळ्या बाटलीत भरावा, म्हणजे शिसे नळाच्या जोडणीतून येते आहे की त्यामागच्या जलवाहिनीतून, याचा अंदाज येतो. रेडॉनचा अल्पकालीन शोधक ठेवण्याच्या १२ तास आधीपासून दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. आकडा सीमेवर निघाला तर तीन महिन्यांची दीर्घ तपासणी करावी. नमुना कोणी, कोणत्या खोलीत, किती वाजता घेतला आणि कोणाकडे सोपवला, याची नोंद ठेवावी, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल पोच मिळेल अशा रीतीने मालकाला पाठवावा. ती पोचपावती अहवालाइतकीच जपून ठेवावी.